पाठ केलेला नियम

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही सहकुटुंब मुंबईहून मोटारीनें खोपोलीजवळच्या ‘इमॅजिका’ उद्यानांत गेलों. तेथील ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर बसणारास ५ वेळां उलटा करतो. पायांखालीं तळहि नाहीं. गाडीस इंजिन नसतें. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते; पुढील वेग त्या उंचीनेंच दिलेला. कांहीं शक्ति घर्षणांत खर्चीं पडते, म्हणून पुढचे चढ ठेंगणे. हा नियम मीं वर्षानुवर्षें फळ्यावर शिकविला. परंतु माथ्यावर पोंचतांच डोळे मिटून नातीचा हात घट्ट धरला. ती म्हणाली, “आजोबा, नियम तुम्हींच शिकविलात ना?” नियम पाठ असणें निराळें, त्यावर भरंवसा टाकणें निराळें, हा धडा मला शिष्येनें दिला.