दारू न पिताही लिव्हर बिघडतं

हातातलं काम चालू राहू द्या, कान मात्र इकडं द्या.

माझी मावशी लिव्हरच्या कॅन्सरनं गेली. आयुष्यभर माळकरी. दारूचा वासही तिला सोसत नसे. तरी दहाव्याला घाटावर कुणीतरी कुजबुजलंच, "चोरून घेत असणार, नाहीतर लिव्हर कशानं जाईल?" ते बोलणं मला अजून सलतं. म्हणून आज हा विषय.

लिव्हर म्हणजे यकृत. पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांखाली असतं. दारू, हिपॅटायटिस बी आणि सी ही त्याच्या कॅन्सरची कारणं आहेतच. पण मावशीला १५ वर्षं शुगर होती, पोटही सुटलेलं. अशा वेळी लिव्हरमध्ये चरबी साठते. त्यालाच फॅटी लिव्हर म्हणतात. सगळ्यांचंच पुढं बिघडतं असं नाही. काहींच्या लिव्हरला मात्र त्या चरबीनं सूज येते, आत वण पडत जातात आणि ते कडक होतं. हा झाला सिरॉसिस. तिथं कॅन्सरची भीती जास्त. शुगर असलेल्यांना लिव्हरच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा साधारण दुप्पट असतो.

अडचण अशी, की लिव्हर सुरुवातीला दुखत नाही. मावशी थकायची आणि म्हणायची, "वय झालं गं." पोटात पाणी झालं, डोळे पिवळे पडले, तेव्हा कुठं तपासणी झाली. गाठ लहान असताना सापडली तर ऑपरेशन करता येतं. पण ते सोसायला उरलेलं लिव्हर धड असावं लागतं. तिचं तेही राहिलं नव्हतं.

मग करायचं काय? शिलाईची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पोटाचं माप घ्या. बाईचं ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या, वर असेल तर सावध व्हा. पुरुषाचं ९० च्या वर नको. तिशी ओलांडली असेल तर आशाताईंना विचारून उपकेंद्रात शुगर आणि बीपी तपासून घ्या. शुगर असेल तर डॉक्टरांना विचारा, "माझं लिव्हर तपासायला हवं का?" सिरॉसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका.

वजन उतरलं की लिव्हरची चरबीही उतरते. ७० किलोच्या बाईनं हळूहळू पाच-सात किलो कमी केले, तर सूजही ओसरू लागते. चहातली साखर कमी करा, रोज अर्धा तास झपझप चाला. आणि उपवासाला 'एकादशी अन् दुप्पट खाशी' नको. शुगरच्या गोळ्या मनानं बंद करू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीला टेप घेऊन जा, एकमेकींची मापं घ्या. आणि कुणाचं लिव्हर बिघडलं म्हणून तिच्या चारित्र्याचं माप मात्र काढू नका.