दोष कोणत्या सांध्यात?

बीदर शहरालगतच्या नौबाद येथे पंधराव्या शतकातील, बहामनी काळातला एक भुयारी पाणीमार्ग आहे. त्याला ‘कारेझ’ म्हणतात. जमिनीच्या पोटातून मंद उताराने पाणी वाहत येते आणि वाटेवर ठिकठिकाणी उभी विवरे आहेत. आत हवा खेळावी व गाळ उपसता यावा, हा त्यांचा उपयोग. अशा मार्गाच्या तोंडाशी पाणी येईनासे झाले, तर झराच आटला असे जाणता मनुष्य म्हणत नाही. तो विवरामागून विवर पाहत जातो. एकात पाणी दिसले व पुढच्यात दिसले नाही, की अडथळा त्या दोहोंच्या मध्ये आहे हे ठरते.

आज घरोघरी लॅपटॉपवर कामे चालतात. कोणी परीक्षेचे गुण भरतो, कोणी दूरच्या कंपनीचे हिशेब लिहितो. लहान पडद्यावर डोळे शिणतात म्हणून मोठा मॉनिटर येतो, आणि तो जोडण्यासाठी डॉक नावाची छोटी पेटी येते. २०१४ साली सिद्ध झालेल्या यूएसबी-सी जोडणीमुळे वीज, चित्र व माहिती ही तिन्ही एकाच तारेतून जाऊ लागली. सोय खरी, परंतु तीन प्रवाह एकत्र आल्यामुळे दोष ओळखणे मात्र कठीण झाले. मॉनिटर जोडताच लॅपटॉपवर निळा वा काळा पडदा येतो, यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते आणि न जतन केलेले काम नाहीसे होते. मालक म्हणतो, “लॅपटॉप गेला!” आणि नव्याच्या किमतीची चौकशी सुरू होते.

येथे थोडा धीर धरावा. प्रथम सर्व काम जतन करावे. मग डॉक बाजूला ठेवून मॉनिटर थेट लॅपटॉपला एचडीएमआय तारेने जोडावा. यंत्र सुरळीत चालले, तर संशय डॉक व त्याच्या तारेवर येतो. तरीही बंद पडले, तर चित्र सांभाळणारा ग्राफिक्स ड्रायव्हर तपासावा. पडद्यावर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ अशी अक्षरे उमटली, तर त्यांचाही रोख बहुधा तिकडेच असतो.

त्यानंतर मॉनिटर न लावता केवळ डॉक जोडून पाहावा. मग मॉनिटर, मग डिस्क, अशी एकेक वस्तू वाढवावी. तार बदलून पाहावी, कारण दिसायला सारख्या दोन यूएसबी-सी तारांची क्षमता सारखी नसते. विजेचा हिशेबही पाहावा: लॅपटॉपला १०० वॅट लागत असून डॉक ६० वॅटच देत असेल, तर उणीव बॅटरीतून भरली जाते, आणि बॅटरी थकलेली असेल तर यंत्र ऐन कामात मान टाकू शकते. ४के चित्राऐवजी १९२०×१०८० ठेवून यंत्र टिकले, तर तार किंवा डॉक तो भार पेलत नसल्याचा संभव आहे. ड्रायव्हर, बायॉस व डॉकचे फर्मवेअर उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून अद्ययावत करावे, आणि ते चालू असता वीज तोडू नये. डॉक डिस्प्लेलिंक पद्धतीचा असेल, तर त्याचा स्वतंत्र ड्रायव्हर लागतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम वहीत लिहावा. उतावीळपणे चार गोष्टी एकदम बदलणाऱ्याचे यंत्र कदाचित सुरू होईल, पण दोष कोठे होता हे त्याला कळणार नाही. तोच दोष पुन्हा उद्भवला, की सारा खटाटोप मुळापासून करावा लागेल. विंडोजमधील रिलायबिलिटी मॉनिटर यंत्र कोणत्या दिवशी बंद पडले याची नोंद ठेवतो. ती वहीशी ताडून पाहावी.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर ती वही घेऊन दुरुस्तीच्या दुकानी जावे. काय केले व काय घडले हे तारीखवार सांगणाऱ्या ग्राहकाचे काम दुकानदारालाही सोपे जाते, आणि एका तारेच्या दोषापायी मदरबोर्ड बदलण्याची पाळी येत नाही. ज्या कुटुंबाने हप्ते भरून लॅपटॉप घेतला आहे, त्याच्या दृष्टीने ही बचत लहान नव्हे.