हातातले कसब आणि बदललेली गाडी



कामगार चळवळीतला माणूस बोनसवर बोलेल, किमान वेतनावर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही मात्र आज मोटारींच्या शर्यतींवर बोलणार आहोत. ज्या गावाला रोज मुंबई-गोवा रस्त्याने जावे लागते, तिथे वेगाची गोष्ट काढणे हे धाडसच आहे. पण शर्यतीचा चालक हाही एक कारागीरच आहे. त्याचे हत्यार चार चाकांचे आहे एवढेच. एका गाडीवर आयुष्यभर हात बसवलेला माणूस दुसऱ्याच जातीच्या गाडीवर जाऊन बसतो, तेव्हा त्याच्या कसबाचे काय होते, हा आमचा आजचा प्रश्न आहे. हमरापुरात हा प्रश्न परका नाही, हे पुढे दिसेल.

प्रथम या दोन गाड्या समजावून घेऊ. पहिली उघड्या चाकांची. फॉर्म्युला वन म्हणतात ती याच जातीची. चाके अंगाबाहेर, चालक एकटा मधोमध, पुढे-मागे पंख. हे पंख विमानाच्या उलट काम करतात, गाडीला जमिनीवर दाबून धरतात. म्हणून वळणावर ती विलक्षण वेगाने वळते. 2006 साली तिचे वजन चालकासकट सुमारे 600 किलो होते. इंजिन अवघे 2.4 लिटरचे, पण मिनिटाला 19,000 च्या आसपास फिरणारे. गिअर बदलायचा तो स्टेअरिंगमागची पट्टी बोटाने ओढून.

दुसरी अमेरिकेतली स्टॉक कार. स्टॉक म्हणजे दुकानातला विकाऊ माल. आरंभी लोक खरोखरच दुकानातून घेतलेल्या गाड्या शर्यतीत उतरवीत. बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने 1948 साली फ्लोरिडात नॅसकार ही संस्था रीतसर स्थापन झाली आणि या शर्यतींना शिस्त आली. आता दुकानाचे केवळ रूप उरले आहे, आत पोलादी नळ्यांचा सांगाडा असतो. ज्या काळाची गोष्ट आपण ऐकणार आहोत, तेव्हा या गाडीचे वजन दीड टनाच्या वर होते. इंजिन 5.8 लिटरचे, गिअर चार, तेही हाताने दांडा हलवून टाकायचे. पहिल्या गाडीला तुम्ही हुकूम करता आणि ती ऐकते. दुसरीला आधी विचारावे लागते. ब्रेक लवकर दाबावा लागतो, वळणात वजन एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जाईपर्यंत थांबावे लागते, मागचा भाग घसरू लागला तर तो हाताने सावरावा लागतो.

आणखी एक भेद आहे. उघड्या चाकांच्या गाडीत चाकाला चाक लागले तर गाडी हवेत उडू शकते, म्हणून तिथला चालक अंतर राखायला शिकतो. स्टॉक कारमध्ये चाळीसेक गाड्या एकमेकींना खेटून पळतात. पुढच्याला मागून ढकलणे हाही तिथे डावपेच असतो. आसन आणि शिरस्त्राण यांमुळे चालकाला बाजूचे फारसे दिसत नाही. एक माणूस प्रेक्षागृहाच्या छपरावर उभा राहून कानात सांगतो, आत गाडी आहे, आता मोकळे आहे. त्याला स्पॉटर म्हणतात. ज्याला आजवर फक्त स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची सवय, त्याला छपरावरच्या माणसाच्या डोळ्यांनी गाडी हाकायला शिकावे लागते.

आता माणसांकडे वळू. कोलंबियाचा हुआन पाब्लो माँटोया. याने 1999 साली अमेरिकेतील उघड्या चाकांच्या गाड्यांचे अजिंक्यपद पहिल्याच वर्षी मिळवले, 2000 साली इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत जिंकली, पुढे फॉर्म्युला वनमध्ये सात शर्यती जिंकल्या. 2006 च्या जुलै महिन्यात त्याने जाहीर केले की आपण आपले जुने मालक चिप गनासी यांच्याकडे स्टॉक कार चालवायला जाणार. लोकांनी भुवया उंचावल्या. पण त्याने काय केले? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो खालच्या पायरीच्या शर्यतीत, टॅलाडेगा येथे, उमेदवारासारखा उतरला आणि तिसरा आला. 2007 साली पहिल्या पूर्ण हंगामात त्याने सोनोमाची शर्यत जिंकली आणि नवोदितांचा मान मिळवला. तरीही गुणतक्त्यात तो विसावा होता. 2009 साली, म्हणजे तिसऱ्या हंगामात, तो आठवा आला. त्या वर्षी इंडियानापोलिसला 160 फेऱ्यांपैकी 116 फेऱ्या तो सर्वांच्या पुढे होता. टायर बदलायच्या गल्लीत वेगमर्यादा ओलांडल्याचा दंड झाला आणि अकराव्या जागेवर समाधान मानावे लागले.

त्याच्या यशाकडे नीट पाहा. या सर्वोच्च मालिकेत तो अडीचशेहून अधिक शर्यती धावला आणि दोन जिंकला, 2007 ची सोनोमा आणि 2010 ची वॉटकिन्स ग्लेन. या दोन्ही जागी रस्ता डावीकडेही वळतो आणि उजवीकडेही. म्हणजे त्याचे जुने कसब जिथे लागू होते तिथे तो जिंकला. नॅसकारच्या बहुतेक शर्यती लंबगोल वाटेवर होतात. तिथे तो विजयाच्या जवळ गेला, पण विजय मिळाला नाही. यावरून आम्ही एक हिशेब मांडतो. गाडी बदलली की कसबाचा काही भाग चालकाबरोबर येतो, बाकीचा नव्याने कमवावा लागतो, आणि त्याला वर्षे लागतात. माँटोयाला ती सात वर्षे मिळाली. पुढे तो पुन्हा उघड्या चाकांकडे गेला आणि 2015 साली त्याने इंडियानापोलिस दुसऱ्यांदा जिंकली. मधल्या वर्षांत त्याचा हात बिघडला नव्हता, याचा याहून मोठा दाखला नको.

आता आपल्या देशाकडे येऊ. नारायण कार्तिकेयन यांचा जन्म 1977 चा, घराणे कोइमतूरचे. 2005 साली ते फॉर्म्युला वनमध्ये धावणारे पहिले भारतीय ठरले. 2010 साली त्यांनी नॅसकारच्या ट्रक मालिकेत पाऊल टाकले. ट्रक म्हणजे आपल्या वाळूचा ट्रक नव्हे, स्टॉक कारच्याच सांगाड्यावर पिकअपचे अंग चढवलेली गाडी. पहिली शर्यत मार्टिन्सव्हिलची. ही वाट जेमतेम अर्ध्या मैलाची, दोन सरळ पट्टे आणि दोन अरुंद वळणे, धक्काबुक्कीसाठी प्रसिद्ध. अशा ठिकाणी पहिल्याच दिवशी ते तेरावे आले. त्या वर्षी ते एकंदर नऊ शर्यती धावले, आणि त्या मालिकेतला सर्वांत लोकप्रिय चालक हा मान चाहत्यांच्या मतांनी त्यांना मिळाला. परंतु दुसरा हंगाम झाला नाही. 2011 साली ते फॉर्म्युला वनमध्ये परतले आणि भारतात झालेल्या पहिल्या ग्रां प्रीमध्ये धावले. नऊ शर्यतींत हात बसत नाही. माँटोयाला नवव्या शर्यतीलाच थांबवले असते, तर आज कोणी त्याचे नाव या संदर्भात घेतले नसते.

तिसरा माणूस स्कॉटलंडचा, दारिओ फ्रँकिटी. 2007 साली याने इंडियानापोलिस जिंकली. 2008 साली तोही गनासींच्याच स्टॉक कारमध्ये बसला. टॅलाडेगाच्या अपघातात घोटा मोडला, आणि जुलैत, पुरस्कर्ता मिळत नाही म्हणून, त्याची गाडीच बंद झाली. लोकांनी ठरवून टाकले की हा संपला. 2009 साली तो उघड्या चाकांकडे परतला, पुन्हा गनासींकडेच, आणि लागोपाठ तीन वर्षे अजिंक्य झाला. माणूस तोच, मालक तोच. मग 2008 साली कमी काय पडले होते? कसब नव्हे. शिकण्याच्या काळाचा खर्च उचलणारा कोणी उरला नव्हता.

आमचे सांगणे इथे येऊन ठेपते. शिकण्याच्या काळात उत्पन्न कमी असते आणि चुका अधिक असतात. त्या काळाची किंमत कोण देणार, यावर माणूस तरतो की बुडतो हे ठरते. त्याची बुद्धी किंवा जिद्द यांवर ते सर्वस्वी ठरत नाही.

चालकांना हे कळले नव्हते असे नाही. 1961 साली कर्टिस टर्नर या नामांकित चालकाने स्टॉक कारच्या चालकांची युनियन बांधण्याचा प्रयत्न केला. बिल फ्रान्स यांनी त्याला तहहयात बंदी घातली, ती 1965 साली उठली. 1969 साली टॅलाडेगाच्या पहिल्या शर्यतीत टायर वेगापुढे टिकेनात, तेव्हा रिचर्ड पेटीच्या पुढारपणाखाली बहुतेक मोठे चालक गाड्या घेऊन निघून गेले. शर्यत उरलेल्यांना घेऊन उरकली गेली आणि ती संघटनाही फार टिकली नाही. उघड्या चाकांच्या बाजूला 1982 च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे संप झाला. परवान्याच्या नव्या अटींनी चालक एका संघाशी बांधला जाणार होता. तेव्हा निकी लाउडा आदी चालक एका हॉटेलच्या दालनात गाद्या टाकून रात्रभर एकत्र राहिले. ज्यांच्या एका शर्यतीच्या मोबदल्यात आपला एखादा पाडा वर्षभर जेवेल, त्यांनाही एकत्र झोपावे लागले, कारण एकेकट्याला कोणी विचारीत नव्हते.

आमच्या कामातला दाखला देतो. एका कारखान्यात वीस-वीस वर्षे लेथवर काम केलेले गडी होते. कानाने आवाज ऐकून हत्यार बोथट झाले की नाही ते सांगणारे. संगणकावर चालणारी यंत्रे आली, आठ दिवसांचे शिक्षण झाले, आणि महिनाभरात उत्पादन पडले म्हणून त्यांतल्या कित्येकांना घरी बसवले. दुसऱ्या एका कारखान्यात आम्ही करारात एकच कलम घालून घेतले होते, की नव्या यंत्रावर सहा महिने जुनाच पगार, आणि त्या मुदतीत उत्पादनावरून कारवाई नाही. त्याच वयाचे, तेवढेच शिकलेले गडी सहाव्या महिन्यात तरण्या पोरांना शिकवू लागले.

आता हमरापूरचा प्रश्न. जोहे, हमरापूर आणि आसपासची गावे गणपतीच्या कारखान्यांवर जगतात. प्लास्टर साच्यात ओतले की काही मिनिटांत घट्ट होते. त्या वेगावर इथला धंदा, इथली उचल, इथली मजुरी बेतलेली आहे. 2020 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तींसाठी प्लास्टर नको अशा सूचना काढल्या. 2025 च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती घडवायला मोकळीक दिली, पण नदी-समुद्रात त्यांचे विसर्जन परवानगीखेरीज नको असे बजावले. पाण्याची काळजी रास्तच आहे, ती आपल्याच खाडीची आहे. पण शाडू ही दुसरी गाडी आहे. ती जड आहे, सावकाश वाळते, घाईने वाळवली तर तडकते, पावसाळ्यात वाळतच नाही, आणि गाडीतून नेताना बोटे मोडतात. डोळ्यांची आखणी करणारा हात तोच राहील, तेवढे कसब बरोबर येईल. माती मळणे, वाळवणे, हलवणे हे मात्र नव्या पिढीला नव्याने शिकावे लागेल. "शाडूकडे वळा" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. शिकण्याचे दोन-तीन हंगाम कोण पोसणार, एवढे विचारले की ते घड्याळ पाहतात.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. जो कारखानदार किंवा कारागीर शाडूकडे जाईल, त्याच्या कर्जाचा हप्ता पहिले दोन हंगाम थांबावा. मूर्ती वाळवण्यासाठी गावागावांत सामाईक शेड सरकारने बांधून द्याव्यात. आणि ज्या वृद्धांच्या हातात अजून शाडू आहे, त्यांना शिकवण्याची रोजी मिळावी. माँटोयाला एक मालक मिळाला म्हणून सात वर्षे मिळाली. आपल्याला असा मालक मिळण्याची वाट पाहता येणार नाही. कारखानदार आणि मजूर यांनी निदान या एका मागणीसाठी एका कागदावर सह्या कराव्यात. मजुरीच्या दरावर नंतर भांडू, तेव्हा आम्ही मजुरांच्या बाजूला असू हे आताच सांगून ठेवतो. कागदाचा मसुदा आम्ही आणला आहे, अध्यक्षांच्या टेबलावर आहे. व्याख्यान संपल्यावर तो वाचावा, दुरुस्त्या सुचवाव्यात.