उकिरडा आणि विहीर



गावाला पाणी कोठून येते हे आपण सगळे सांगाल. गावचा कचरा कोठे पडतो, तेही सांगाल. पण या दोन जागांमध्ये किती पावलांचे अंतर आहे आणि त्यांतली चढाला कोणती, असे कोणी विचारले तर? पुष्कळ ठिकाणी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. आजचे माझे बोलणे तेवढ्या त्या अंतरापुरतेच आहे.

एक जुनी हकीकत ऐका. लंडन शहरात ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर एक हातपंप होता. त्याचे पाणी लोकांना फार आवडे. तो भाग सोडून लांब राहायला गेलेली एक बाई तर गाडीवरून तेच पाणी मागवीत असे. 1854 सालच्या ऑगस्टअखेरीस तेथे पटकी लागली आणि थोड्याच दिवसांत सहाशेहून अधिक माणसे गेली. ती लांब राहणारी बाईही गेली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने घरोघर विचारपूस करून पंपावर बोट ठेवले, आणि पंपाचा दांडा काढण्यात आला. पण पाणी नासले कशाने? पुढे खणून पाहिले तेव्हा कळले, की शेजारच्या घराचा मैलाखड्डा विहिरीपासून तीन फुटांच्याही आत होता आणि त्याची विटांची बांधणी ढिली झाली होती. त्या घरातल्या आजारी तान्ह्या मुलाची दुपटी धुतलेले पाणी त्या खड्ड्यात पडत होते. वरून पाहणाऱ्याला पाणी नितळच दिसत होते.

आता आपल्या जमिनीकडे या. सोलापूर जिल्हा काळ्या कातळावर बसलेला आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि खाली घट्ट पाषाण. विहीर खणणाऱ्याला विचारा, तो सांगेल की पाणी लागते ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. नदीकाठची बारीक वाळू पाणी गाळते, भेग गाळत नाही. वरून जे शिरेल ते तिच्यातून तसेच पुढे जाते. शिवाय आपली काळी रान उन्हाळ्यात कशी तडकते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मृगाचा पहिला मोठा पाऊस उकिरड्यावर पडला, की ढिगातले काळे कुजट पाणी त्या भेगांनी खाली उतरते. पाऊस आपल्याकडे मुळात थोडा, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. मुबलक पाण्यात घाण पातळ तरी होते, आपल्याकडे तीही सोय नाही.

‘पण आम्ही टीसीएल पावडर टाकतो की,’ असे कोणी म्हणेल. जरूर टाकावी. ती जंतू मारते. मात्र शेणखत, मैला, कुजका कचरा यांतून नायट्रेट नावाचा क्षार पाण्यात उतरतो, त्याला ही पावडर काही करीत नाही. पाणी उकळले तर क्षार उलट दाट होतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा ठरलेली आहे. त्याहून बराच अधिक नायट्रेट असलेल्या पाण्यात वरचे दूध कालवून तान्ह्या मुलाला पाजले, तर मूल निळे पडू शकते आणि प्रसंगी दगावूही शकते. चवीने हे कळत नाही, तपासणीनेच कळते.

आणि उकिरडाही आता पूर्वीचा राहिलेला नाही. पूर्वी त्यात शेण, राख, पालापाचोळा असे. आज त्यात फवारणीच्या औषधाच्या बाटल्या असतात, बॅटरीचे सेल असतात, इंजेक्शनच्या सुया असतात. ढीग तोच दिसतो, पण त्यातून गळते ते पाणी निराळे असते.

नासलेली विहीर सुधारणे किती अवघड असते याचे उदाहरण फार लांब नाही. पुण्याहून सासवडकडे जाताना उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे लागतात. शहराचा कचरा ऐंशीच्या दशकापासून तेथे पडू लागला. विहिरी आणि बोअर नासल्या. स्वतःचे पाणी असलेल्या गावांना टँकरची वाट पाहावी लागली. गावकऱ्यांनी पुनःपुन्हा आंदोलने केली, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. मला त्यांचे म्हणणे रास्त वाटते. कचरा शहराचा आणि पाणी गावाचे, हा हिशेब कोणत्या न्यायात बसतो? खुद्द सोलापूर शहरालाही याची थोडी चव आहे. ते उजनीचे पाणी पिते, आणि उजनीला भीमेतून पुणे-पिंपरीकडचे सांडपाणी येऊन मिळते.

कायदे झाले नाहीत असे नाही. 1993 साली महाराष्ट्राने भूजलाचा कायदा केला आणि पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून पाचशे मीटरांच्या आत नवी विहीर खणण्यास बंधन घातले. म्हणजे पाणी कोणी पळवू नये याची काळजी घेतली. 2016 साली केंद्र सरकारने घनकचऱ्याचे नियम काढले. त्यांत कचरा पुरण्याची जागा नदीपासून 100 मीटर, तळ्यापासून 200 मीटर आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून 200 मीटर दूर असावी असे घातले. तो नियम प्रामुख्याने शहरांसाठी होता. तथापि आकडा गावानेही उचलण्यासारखा आहे. संडासाच्या शोषखड्ड्याला दहा-पंधरा मीटर पुरे असे सांगतात, ते गाळणाऱ्या मातीला धरून. भेगांच्या खडकात तेवढ्यावर विसंबू नये.

पण नुसते अंतर मोजून भागत नाही, उतार पाहावा लागतो. जमिनीखालचे पाणी बहुतेक करून जमिनीच्या उताराने ओढ्याकडे जाते. उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर तीनशे मीटरही कमी पडू शकतील. येथे मला शिक्षकांची मदत हवी आहे. सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन भल्या सकाळी, मोटारी सुरू होण्याआधी, गावातल्या तीन विहिरी निवडा. दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतची खोली मोजा. गवंडी वापरतो त्या पाण्याच्या नळीने तिन्ही काठांच्या उंचीतला फरक टप्प्याटप्प्याने काढा. काठाच्या उंचीतून खोली वजा केली, की पाणी कोठून कोठे वाहते ते मुलेच कागदावर बाण काढून दाखवतील. त्याच कागदावर उकिरडे आणि शोषखड्डे मांडा. भूमितीचा आणि भूगोलाचा एवढा चांगला तास वर्गात होत नाही!

तो कागद ग्रामसभेपुढे ठेवा. पाणी आणि सफाई ही दोन्ही कामे 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतीकडेच आहेत. पाण्याच्या उद्भवांची पाहणी करून आरोग्य खाते पंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देते. आपल्या गावाला कोणते मिळाले आणि का, हे गावच्या जलसुरक्षकाला उघड विचारा. त्याला एकट्याला दोष देऊ नका, उकिरडा काही त्याने घातलेला नसतो.

जागा बदलायची ठरली तर विहिरीच्या खालच्या अंगाला, ओढ्यापासूनही दूर अशी निवडा. शेणकचऱ्यासाठी पुसदच्या पांढरीपांडे यांनी रूढ केलेले नाडेप पद्धतीचे विटांचे टाके चांगले. ते जमिनीच्या वर असते, वरून झाकता येते, आणि खतही पदरात पडते. बाटल्या, सेल, सुया त्यात जाऊ देऊ नका, त्या वेगळ्या पोत्यात ठेवा. जुना ढीग शेतात नेल्यावर त्याखालची वीतभर काळी पडलेली मातीही खरवडून न्या.

हे सगळे 1 मेच्या ग्रामसभेत ठरले तर हाती महिनाभर राहतो. मृग लागल्यावर गाड्या चिखलात रुततात, आणि ढिगातले पाणी खाली उतरू लागलेले असते.