घर शाकारण्यापूर्वी

(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या दिवशी केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर लोणची-पापडांवर बोलणे झाले, मुलांच्या संगोपनावर झाले, बचतीवर झाले. आज चिटणीसबाईंनी मला विषय दिला आहे तो छपराचा. नेमके सांगायचे तर छपराचे काम ज्याच्या हाती द्यायचे त्या माणसाचा. कोणी म्हणेल, हा पुरुषांनी पाहायचा व्यवहार. पण मी विचारते, रात्री दोनला पाऊस लागला आणि घर गळू लागले, तर पातेली मांडत कोण फिरते? धान्याची कोठी कोण सरकवते? मुलांची अंथरुणे कोण हलवते? गळतीशी ज्यांची गाठ पडते, त्यांनीच ती थांबवणारा माणूस पारखून घ्यावा, हे रास्त नव्हे काय?

विषय आजच घेण्याचेही कारण आहे. चैत्री पौर्णिमेला आपल्या म्हातोबाची यात्रा झाली, बगाड झाले, की पुढचे पाहुणे म्हणजे वळीव आणि मग मृग. पुण्याकडे पाऊस बहुधा जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो, असा आपला हिशेब. पण २०२५ साली तो २६ मे रोजीच पुण्यात येऊन ठेपला, आणि ज्यांनी पत्रे उतरवून ठेवले होते त्यांची कशी धांदल उडाली असेल ते सांगायला नको. घाईत माणूस पारखता येत नाही. जो भेटेल त्याच्या हाती पैसे द्यावे लागतात. म्हणून पहिली गोष्ट ही की, छपराचा विचार ऊन असतानाच करावा.

पूर्वी हा प्रश्न गावात फारसा पडत नसे. घर शाकारायचे तर सुतार गावचाच, कौले घडवणारा कुंभारही गावचाच. वासा किडका घातला, तर सुतार दुसऱ्या दिवशी पारावर भेटणारच होता. तोंड चुकवून जाणार कोठे? आणि आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. बलुतेदाराचे काम वर्षभर आधी होई, आणि त्याचे धान्य त्याला सुगीला, खळ्यावर मिळे. काम आधी, मोबदला मागून. त्या पद्धतीत जातीचा जाच होता, कष्टकऱ्याची उपेक्षा होती. ती पद्धत परत यावी असे कोणीही म्हणणार नाही. पण काम पावसात टिकले की नाही हे पाहून हिशेब पुरा करायचा, एवढा व्यवहार मात्र तिच्यातून उचलण्याजोगा आहे. माझे आजचे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे.

आज काय होते? गेल्या पंचवीसएक वर्षांत राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले आणि हिंजवडी पालटली. शेताच्या बांधावर खोल्या उठल्या, गच्चीवर पत्र्याच्या शेड आल्या, भाडेकरू आले, आणि त्यांच्या मागोमाग फॅब्रिकेशनवाले, वॉटरप्रूफिंगवाले, पत्रेवाले आले. त्यांतले कितीतरी कसबी आणि सचोटीचे आहेत, हे आधीच सांगते. परंतु ते कोठले, राहतात कोठे, पुढच्या वर्षी येथे असतील की नाही, हे आपल्याला ठाऊक नसते. ओळख म्हणजे मोबाइलवरचा एक नंबर. आणि अशा अनोळखी माणसाच्या हाती आपण निम्म्याहून अधिक रक्कम कामाच्या आधी ठेवतो. गावच्या सुताराला जे दिले नाही, ते परक्याला देतो!

आपल्या परिसरातल्याच एका घरची हकिगत सांगते; नाव सांगत नाही. सासू आणि सून, दोघीच घरात. मागच्या तीन खोल्यांचे भाडे हाच संसाराचा आधार. खोल्यांचे छप्पर बदलायचे ठरले. आलेल्या ठेकेदाराने इतरांपेक्षा बराच कमी आकडा सांगितला, आणि "सामान आणायला पैसे लागतात" म्हणून तीन चतुर्थांश रक्कम आगाऊ नेली. कागद नाही, पावती नाही. पत्रे आले ते पातळ. पहिल्याच वळवात कडेचे दोन पत्रे उचलले गेले. फोन लागेना. भाडेकरूंनी खोल्या सोडल्या, आणि त्या सुनेने गळ्यातले मोडून छप्पर दुसऱ्यांदा घातले. भगिनींनो, छपरात फसणे म्हणजे नुसते पैसे बुडणे नव्हे. वर्षाची मिळकत आणि घरातले सोनेही त्यात जाते.

तेव्हा माणूस पारखावा कसा? मी चार गोष्टी सांगते.

पहिली, त्याचे जुने काम पाहावे. मोबाइलमधले फोटो पुरेसे नाहीत. निदान दोन पावसाळे झेललेले काम दाखवायला सांगावे, आणि तेथे जाऊन त्या घरच्या बाईला विचारावे. ती खरे सांगेल. वर पाहिले की आपल्यालाही कळते: स्क्रूच्या भोवती गंजाचे ओघळ आहेत का, जागोजाग डांबर फासले आहे का, भिंतीच्या माथ्याला ओल आहे का. आणि एक प्रश्न अवश्य विचारावा: "तुमच्या एखाद्या कामाची तक्रार आली होती का? ते घर दाखवा." जो म्हणेल माझी तक्रार कधी येतच नाही, त्याच्याविषयी जरा सावध असावे. जो म्हणेल, अमक्या घरी गळले होते, मी परत जाऊन दुरुस्त केले, तो माणूस कामाचा.

दुसरी, त्याचा ठावठिकाणा पाहावा. दुकान किंवा वर्कशॉप कोठे आहे, तेथे एकदा जाऊन यावे. जीएसटी क्रमांक असेल तर तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातला असल्यास २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो घालून नाव जुळते का हे घरातला कोणताही कॉलेजातला मुलगा वा मुलगी पाहून देईल. लहान कारागिराला नोंदणी सक्तीची नसते, म्हणून क्रमांक नाही एवढ्यावरून कोणाला लबाड ठरवू नये. पण क्रमांक सांगितला आणि तो खोटा निघाला, तर तेथूनच नमस्कार करावा.

तिसरी, तिघांकडून कोटेशन घ्यावे, पण तिघांना एकच यादी द्यावी. पत्रा किती जाडीचा, कोणत्या कंपनीचा, लोखंडी पाइप कोणत्या मापाचे, किती अंतरावर, जुने पत्रे कोण उतरवणार व नेणार, हे सारे यादीत असावे. नाहीतर एक जण जाड पत्र्याचा भाव सांगतो, दुसरा पातळ पत्र्याचा, आणि आपण दुसऱ्याला स्वस्त म्हणतो. येथे आपल्यालाही एक गोष्ट ऐकवते. भाजीबाजारासारखी घासाघीस छपरात करू नये. आपण भावात कापलेला पैसा बहुधा पत्र्याच्या जाडीतून वसूल होतो.

ही जाडी ओळखायची कशी? वजनावरून. चार फूट रुंदीच्या पट्टीतून केलेला दहा फूट लांबीचा पत्रा अर्ध्या मिलिमीटर जाडीचा असेल, तर त्याचे वजन साडेचौदा किलोंच्या आसपास भरते. तोच ०.३५ मिलिमीटरचा असेल तर दहा किलोंच्या आसपास. एका पत्र्यामागे चार किलोंचा फरक! सामान दारात उतरले की एक पत्रा काट्यावर ठेवावा. धान्य मोजून घेणाऱ्या आपण, पत्राच तेवढा न तोलता का घ्यावा?

चौथी, काम चालू असताना पाहावे. पाहायचे काय, तेही सांगते. नागमोडी पत्र्याला भोक उंचवट्यावर पाडावे, खोलगटात नव्हे. खोलगटातून पाणी वाहते. स्क्रूखाली रबराचा वायसर असलाच पाहिजे. शेजारच्या पत्र्यावर निदान दीड नळीची चढण असावी, आणि वरचा पत्रा खालच्यावर निदान सहा इंच यावा. आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकापासून घालत यावे. म्हणजे सांध्याचे तोंड वाऱ्याकडे राहत नाही. वाऱ्याचा जोर छपराच्या कडेला आणि कोपऱ्यांत सर्वांत अधिक, तेव्हा तेथे स्क्रू जवळजवळ हवेत, आणि खालचे लोखंड भिंतीत पक्के रोवलेले हवे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि पुढे आपल्या पुणे जिल्ह्यातूनही गेले. कोकणात हजारो घरांची छपरे गेली, आपल्याकडे मुळशी-मावळातही पत्रे उडाले. छप्पर नुसते वर ठेवून भागत नाही, ते खाली बांधलेले असावे लागते, हा त्या दिवसाचा धडा.

ज्यांच्या घराला स्लॅब आहे त्यांच्यासाठीही थोडे. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात, त्याचा उतार पन्हळाकडेच हवा, आणि कठड्याच्या कोपऱ्यात वाटा गोल काढलेला हवा; गळती तेथूनच सुरू होते. कोबा निदान आठवडाभर भिजता ठेवावा. मग पन्हळे बुजवून गच्चीत पाणी साठवावे, दोन दिवस ठेवावे, आणि खाली ओल येते का पाहावे. ही परीक्षा करून दाखवीन, असे ठेकेदाराकडून आधीच लिहून घ्यावे. खरा कारागीर याला ना म्हणत नाही.

आता पैशाचे. कागद साधा असला तरी चालेल, मुद्रांकावर असला तर उत्तम. पण कागद हवाच. त्यावर कामाची यादी, एकूण रक्कम, काम पुरे करण्याची तारीख, गळल्यास किती वर्षे फुकट दुरुस्ती, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. घरातल्या बाईचीही सही त्यावर असावी. पैसे टप्प्याने द्यावे: थोडा विसार, मोठा हप्ता सामान दारात उतरून तोलून झाल्यावर, पुढचा काम पुरे झाल्यावर, आणि शंभरातले दहा रुपये पहिला मोठा पाऊस होऊन छप्पर कोरडे राहिल्यावर. प्रत्येक वेळी पावती घ्यावी. हे दहा रुपये म्हणजे आपले खळ्यावरचे बलुते समजा. मात्र आपणही शब्दाला जागावे. पाऊस झाला, छप्पर गळले नाही, तर ती रक्कम त्याच आठवड्यात, त्याला हेलपाटे न घालायला लावता द्यावी. विश्वास दोन्ही बाजूंनी वाढवावा लागतो.

आणखी एक गोष्ट, ती सर्वांत महत्त्वाची. छपरावर चढणारा पोरगा कोणाचा तरी मुलगा असतो. जुना सिमेंटचा पत्रा वरून धडधाकट दिसतो आणि पाय पडताच फुटतो. त्यावर आडवी फळी टाकल्यावाचून आणि कमरेला पट्टा-दोर बांधल्यावाचून कोणालाही चढू देऊ नये. शिवाय जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. जागतिक आरोग्य संघटनेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत. असे पत्रे फोडू नयेत, ग्राइंडरने कापू देऊ नयेत. पाण्याने भिजवून अख्खे उतरवावे, मुलांना दूर ठेवावे, आणि राहिलेला चुरा कोरड्या केरसुणीने झाडू नये. जो ठेकेदार आपल्या माणसांच्या जिवाची काळजी घेत नाही, तो आपल्या घराची काय घेणार? माणूस ओळखण्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर रडत बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण जेथे राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तेथे उपयोगी पडतात ते कागद, पावत्या आणि फोटो. म्हणून कागद हवा म्हणते.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपण एक वही ठेवू या. ज्या घरी छपराचे किंवा गच्चीचे काम होईल, त्या भगिनीने कारागिराचे नाव, कामाचे वर्ष, दिलेली रक्कम आणि दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव तीत लिहावा. ऐकीव नको, आपला अनुभव तेवढाच. आणि चांगल्या कामाबद्दलही तितक्याच मोकळेपणाने. पूर्वी पारावर जी गावची पारख होत असे, ती आता या वहीत होईल. चांगल्या कारागिराला त्यातून काम मिळेल, आणि आपल्यातल्या एकट्या-दुकट्या बाईला दारी आलेल्या अनोळखी माणसाच्या गोड शब्दांवर विसंबावे लागणार नाही.