मंजूर पूल आणि आमदाराचे काम

(रायगड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘आमदाराचे काम आणि लोकांची सुरक्षितता’ असा विषय तुम्ही मला दिला आहे. अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाच्या गळ्यात हा विषय का घातला, असे मी तुमच्या चिटणीसांना विचारले. ते म्हणाले, ‘सर, आमदारांवर बोलायला राजकारणी पुष्कळ मिळतात, पैशाचे कोणी बोलत नाही.’ तेव्हा पैशाचे बोलतो; मात्र सुरुवात एका पुलापासून करतो.

१५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, मावळ तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. सुटीच्या दिवशी आलेली माणसे पुलावर उभी होती. चार जण मृत्युमुखी पडले, पन्नासाच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक आहे असा फलक तेथे लावलेला होता. नव्या पुलासाठी पैसे मंजूर झालेले होते. म्हणजे शासनाला माहिती नव्हती असे नाही आणि तिजोरीत पैसा नव्हता असेही नाही. माहिती होती, पैसा होता, फलकसुद्धा होता. नव्हते ते काम. मंजुरी आणि काम यांच्या मधल्या अंतरात ती माणसे उभी होती. मावळच्या प्रतिनिधीने काय केले वा केले नाही याची झडती घेण्यासाठी मी येथे उभा नाही. मला बोलायचे आहे ते त्या अंतराविषयी. माझ्या मते आमदाराचे खरे काम त्या अंतरातच असते आणि तेच काम आज सर्वांत कमी होते.

सावित्रीची आठवण तुमच्या जिल्ह्यात येऊन मी काढावी हे खरे म्हणजे अवघड आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल पुरात वाहून गेला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एस.टी. गाड्या आणि आणखी काही वाहने त्याबरोबर गेली. सुमारे चाळीस माणसे गेली. त्यांतील कित्येकांचे देहसुद्धा हाती लागले नाहीत. त्या आधी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती व धोका नसल्याचा निर्वाळा मिळाला होता, हे सरकारनेच त्या वेळी सांगितले. तपासणी कोणी केली, पाण्याखालचा पाया कोणी पाहिला, पाहिला असेल तर कशाने पाहिला, हे प्रश्न अपघातानंतर विचारले गेले. ते मे महिन्यात विचारता आले असते. त्याच जागी नवा पूल मात्र वर्षाच्या आत उभा राहिला. याचा अर्थ असा की आपली यंत्रणा पूल बांधू शकते आणि वेगाने बांधू शकते. फक्त त्यासाठी आधी माणसे मरावी लागतात.

आता पैशाकडे येतो. मी विद्यार्थ्यांना सार्वजनिक आयव्यय हा विषय बरीच वर्षे शिकवला. सरकारी खर्चाची ‘योजनांतर्गत’ आणि ‘योजनेतर’ अशी विभागणी आपण नियोजनाच्या काळात पत्करली आणि कित्येक दशके चालवली. नवा रस्ता, नवे धरण, नवी इमारत हा योजनांतर्गत खर्च. तो विकासाचा, पवित्र. बांधलेल्याची देखभाल आणि दुरुस्ती हा बहुतांशी योजनेतर खर्च. तो जणू उधळपट्टीचा भाऊबंद. काटकसरीचे फर्मान निघाले की पहिली कुऱ्हाड देखभालीवर पडायची. केंद्र सरकारने हा भेद २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून मोडीत काढला. परंतु कागदावरचा भेद गेला म्हणून मनातला गेला नाही. पुलाचे कठडे दुरुस्त केल्याचे उद्घाटन झाले आणि त्याला मंत्री आले, असे तुमच्यापैकी कोणी पाहिले आहे काय? नियोजनाच्या पक्षाचे आपण लोकही या दोषातून सुटलेले नाही. नवे उभारण्याची ओढ आपल्यालाही होती.

आमदारांचा स्थानिक विकास निधी हे त्याच मनाचे अपत्य आहे. महाराष्ट्रात हा निधी २०२२ साली वर्षाला चार कोटींवरून पाच कोटी रुपये झाला. विधानसभेचे सदस्य २८८. गुणाकार केला तर नुसत्या विधानसभेचे वर्षाला १,४४० कोटी होतात; विधान परिषदेचे वेगळे. रक्कम लहान नाही, तरी राज्याच्या अर्थसंकल्पाच्या मानाने ती चिमूटभर आहे. माझी तक्रार रकमेविषयी नाही. ज्याने कोट्यवधींच्या अर्थसंकल्पाचा हिशेब मागायचा, त्याच्या हातात पाच कोटींची थैली देऊन आपण त्याला हिशेब देणारा करून ठेवला आहे. सभामंडप, प्रवेशद्वार, व्यायामशाळा, बाके, आणि त्या प्रत्येकावर नावाची पाटी. न झालेल्या अपघातावर पाटी लावता येत नाही, ही सुरक्षिततेची मोठी अडचण आहे. आग लागली नाही, पूल पडला नाही, दरड आली पण वस्ती आधीच हलवली होती, अशा गोष्टींचे श्रेय कोणालाच मिळत नाही.

या बाबतीत एक अनुभव सांगतो. आमच्या वसाहतीजवळ ओढ्यावर एक लहान पूल आहे. त्याचा एका बाजूचा कठडा पुरात गेला. आम्ही काही निवृत्त मंडळींनी अर्ज केले, स्मरणपत्रे दिली. माझ्याकडे पोचपावत्यांची एक जाड फाइल झाली. एका पावसाळी पहाटे दूध घालणारा तरुण सायकलीसकट खाली गेला. जीव वाचला, कंबर मोडली. त्यानंतर एक लोकप्रतिनिधी भेटीला आले, हळहळले, आणि दोन महिन्यांनी पुलाच्या तोंडाशी ज्येष्ठ नागरिकांसाठी दोन बाके आली. त्यांवर त्यांचे नाव आहे. कठडा नाही. संध्याकाळी आम्ही त्या बाकांवर बसतो, हेही मला कबूल केले पाहिजे.

मग आमदाराच्या हातात आहे तरी काय, असे तुम्ही विचाराल. निधीहून कितीतरी मोठी साधने आहेत. तारांकित प्रश्न आहे, ज्याचे उत्तर मंत्र्याला उभे राहून द्यावे लागते आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतो. उत्तराने समाधान झाले नाही तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. लक्षवेधी सूचना आहे. मागण्यांवर मतदान होते तेव्हा कपात सूचना आहे. बांधकाम खात्याच्या मागणीतून नाममात्र रक्कम कमी करा असे म्हणून त्या खात्याचा सारा कारभार चव्हाट्यावर आणता येतो. आणि एक साधन असे आहे की ज्याची वर्तमानपत्रे सहसा दखल घेत नाहीत. मंत्र्याने सभागृहात ‘चौकशी करू’, ‘तीन महिन्यांत काम सुरू करू’ असे म्हटले की ते आश्वासन ठरते आणि त्याची नोंद होते. ते पुरे झाले की नाही हे पाहण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. मंजुरी आणि काम यांच्या मधल्या अंतरात चालण्यासाठी घटनात्मक लोकशाहीने काढलेली पायवाट ती हीच. तिच्यावर गवत वाढले आहे, कारण त्या समितीत बसून मते मिळत नाहीत.

साधन वापरण्याआधी जागा पाहावी लागते. मृणाल गोरे १९७२ साली विधानसभेत गेल्या त्याआधी अकरा वर्षे त्या मुंबईच्या महापालिकेत निवडून आल्या होत्या. गोरेगावच्या वस्त्यांत नळ कोठे आहे, किती वाजता येतो, किती घरांना पुरतो, हे त्यांना पाठ होते. ‘पाणीवाली बाई’ हे नाव कोणा प्रचारकाने दिले नव्हते; हंडे घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांच्या तोंडून ते आले. त्यांचे वैशिष्ट्य असे की मोर्चा आणि सभागृह या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींच्या बदली कधी वापरल्या नाहीत. गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांआधी केला. त्यामागे बाहेर स्त्रीसंघटनांची चळवळ होती तशा सभागृहात मृणालताई होत्या. मुलींच्या जिवाचा प्रश्न तेथे निधीने सुटणारा नव्हता. त्यासाठी कायदाच हवा होता आणि कायदा करणे हे तर आमदाराचे नावातच असलेले काम. विधानसभा सदस्य म्हणजे विधान करणारा. हे आपण इतके विसरलो आहोत की एखाद्या आमदाराने अशासकीय विधेयक मांडले तर कार्यकर्तेच विचारतात, ‘साहेब, याने गावाला काय मिळणार?’

मी हे म्हणतो आहे तेव्हा मागच्या ओळीतले दोघे तरुण हसत आहेत. त्यांचे हसणे मला समजते. आमदार प्रश्नोत्तराच्या तासाला हजर होता की नाही हे कोणी विचारत नाही; लग्नाला आला नाही हे मात्र पाच वर्षे लक्षात राहते. मयताला, बारशाला, क्रिकेटच्या सामन्याला त्याने असले पाहिजे. पोलीस ठाण्यात फोन केला पाहिजे. इस्पितळात खाट मिळवून दिली पाहिजे. यांतले शेवटचे काम मी कमी लेखणार नाही. ज्याला खाट मिळाली त्याच्यासाठी ते प्राणांचे मोल आहे. परंतु आमदाराच्या फोनशिवाय खाट मिळत नसेल, तर फोन न करता येणाऱ्यांचे काय, हा प्रश्न सभागृहात विचारायला तोच आमदार हवा. तो फोनवर असतो.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन बारा माणसे मेली. त्याच वसाहतीत २३ मे २०२४ रोजी दुसऱ्या कारखान्यात स्फोट झाला, पुन्हा दहाहून अधिक माणसे गेली. आठ वर्षांना तीन दिवस कमी. या काळात विधिमंडळाची किती अधिवेशने झाली ते तुम्ही मोजा: अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी. कारखान्यांची तपासणी हा राज्याच्या यंत्रणेचा विषय आहे. तो दिल्लीवर ढकलता येत नाही.

आणि दुर्घटना घडली की काय होते पाहा. कुंडमळ्याला मृतांच्या वारसांना पाच लाख रुपये जाहीर झाले. ते व्हायलाच हवेत, त्याविषयी वाद नाही. पण त्या घोषणेला निविदा लागत नाही, तांत्रिक मान्यता लागत नाही, पावसाळा आडवा येत नाही. नुकसानभरपाईच्या फायलीला पाय असतात. दुरुस्तीची फाइल टेबलावर बसून असते.

तुमच्या जिल्ह्यात साकव आहेत. वाडीतून शाळेला, शेतावर, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला त्यांवरूनच जावे लागते. ते कोणाच्या ताब्यात आहेत, ग्रामपंचायतीच्या, जिल्हा परिषदेच्या की बांधकाम खात्याच्या, हे पुष्कळ ठिकाणी गावालाच ठाऊक नसते आणि खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. अभ्यासवर्ग संपल्यावर घरी जाताना प्रत्येकाने आपल्या तालुक्याची एक वही करावी. साकव कोठे, केव्हा बांधला, मालक कोण, शेवटची तपासणी केव्हा झाली आणि ती कोणी केली. उत्तर मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. ती वही आमदाराकडे न्यावी, तो कोणत्याही पक्षाचा असो, आणि त्यातले कोणते प्रश्न पुढच्या अधिवेशनात तो विचारणार आहे हे त्याच्याकडून लिहून घ्यावे. अधिवेशन संपले की पुन्हा जावे. मंत्री काय म्हणाले ते वहीत पुढच्या रकान्यात लिहावे आणि आश्वासनाची तारीख तांबड्या शाईने.

पहिल्या वर्षी तो तुम्हाला चहा देऊन वाटेला लावील. दुसऱ्या वर्षी कदाचित सभामंडप देऊ करील. सभामंडप नको म्हणणे गावात फार कठीण जाते, याची मला कल्पना आहे; आम्हाला दोन बाकेसुद्धा नको म्हणता आली नाहीत. पण माझी पोचपावत्यांची फाइल अजून मी टाकलेली नाही. पुण्याला परत गेलो की तिच्यातला पहिला अर्ज काढून त्याचा प्रश्न करून पाहणार आहे.