कुंपणाची उंची आणि अपिलाची मुदत



कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न आपल्या भाषेने म्हणीच्या रूपाने फार पूर्वीच विचारून ठेवला आहे. म्हण रक्षकाविषयी आहे, हे खरे. परंतु कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद तालुक्यात, निंबर्ग्यासारख्या गावाच्या शिवारात उभे राहिले म्हणजे तिचा शब्दशः अर्थच डोळ्यांपुढे येतो. काळी जमीन, खरिपाला तूर, रब्बीला ज्वारी आणि दोन शेतांच्या मधोमध बांध. त्या बांधावर कोणीतरी केव्हातरी गुरे आत येऊ नयेत म्हणून शेर किंवा घायपात लावलेली असते. पुढे तिच्या जोडीला सुबाभूळ येते, बाभळीची रोपे आपोआप उगवतात, आणि गुडघ्याएवढे होते ते कुंपण दहाबारा वर्षांत माणसाच्या दुप्पट-तिप्पट होऊन बसते. ज्याने लावले त्याला त्याचा अभिमान वाटतो. ज्याच्या शेतावर त्याची सावली पडते त्याच्या पोटात दुखू लागते.

हे पोटदुखणे काल्पनिक नसते. निंबर्ग्याचे शिवार सतरा ते अठरा अक्षांशांच्या दरम्यान आहे. पौषात, म्हणजे ज्वारी निसवून दाणे भरावयाच्या दिवसांत, सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. समजा, पूर्व-पश्चिम बांधावर पंधरा फूट उंचीचे दाट कुंपण आहे. त्याची सावली ऐन माध्यान्हीदेखील उत्तरेकडच्या शेतात सुमारे तेरा फूट आत जाते. बांध वीस साखळ्या, म्हणजे ६६० फूट लांब असेल, तर सावलीखालचा पट्टा जवळजवळ आठ गुंठे भरतो. एकराचा हा पाचवा हिस्सा झाला! शिवाय मुळ्या ओल ओढतात ती वेगळीच, आणि कुंपणात वस्तीला असलेली पाखरे कणसांवर प्रथम उतरतात ती याच पट्ट्यात. दक्षिणेकडच्या मालकाला यांतले काहीच दिसत नाही, कारण सावली त्याच्याकडे पाठ फिरवून पडलेली असते.

आता गंमत पाहा. गंमत म्हणावयाची, पण ज्याच्या वाट्याला येते त्याला ती मुळीच गंमत वाटत नाही. मोजणी आणि पाहणी बहुधा शेते मोकळी असताना, उन्हाळ्यात होते. मे महिन्याच्या पूर्वार्धात या अक्षांशावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी दुपारी अधिकारी बांधावर उभा राहिला, तर त्याला कुंपणाची सावली कुंपणाच्या बुडाशीच सापडावयाची. पंचनाम्यात लिहिले जाते, ‘उत्तरेकडील शेतावर सावली आढळून आली नाही.’ वाक्य अक्षरशः खरे असते. खाली पंचांच्या सह्या होतात, तक्रारदाराचीही सही होते. आणि सहा महिन्यांनी, ज्वारी पुन्हा पिवळी पडू लागली म्हणजे, हा गृहस्थ अपील करावयास निघतो, तेव्हा त्याच्या विरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा त्याच्याच सहीचा असतो.

इंग्लंडात या एकाच विषयासाठी स्वतंत्र कायदा आहे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. तेथे लेलँड सायप्रस नावाचे झपाट्याने वाढणारे सदाहरित झाड घराघरांच्या सीमेवर लावण्याची टूम निघाली आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत वैरे माजली. अखेर २००३ सालच्या समाजविघातक वर्तनविषयक कायद्यात उंच कुंपणांवर एक प्रकरण घालावे लागले व ते इंग्लंडमध्ये १ जून २००५ पासून अमलात आले. दोन मीटरांहून, म्हणजे साधारण साडेसहा फुटांहून उंच असे सदाहरित झाडांचे कुंपण शेजाऱ्याच्या घराच्या किंवा बागेच्या उपभोगास बाधक होत असेल, तर तेथील नगर परिषद ते छाटण्याचा हुकूम देऊ शकते. मुळासकट काढा किंवा दोन मीटरांखाली आणा, असे मात्र तिला सांगता येत नाही. या हुकुमाविरुद्ध २८ दिवसांत अपील करता येते, आणि ते दोघांनाही करता येते. कुंपणवाल्याला हुकूम कडक वाटला तरी, आणि तक्रारदाराला तो मिळमिळीत वाटला किंवा मुळात मिळालाच नाही तरीही. अपील चालू असेपर्यंत कात्री थांबते.

आपल्याकडे कुंपणाची उंची ठरविणारा असा कायदा नाही. कर्नाटकातही नाही आणि शिवारापलीकडे अक्कलकोट तालुक्यात, महाराष्ट्रातही नाही. म्हणून आपल्या शेतकऱ्याचे भांडण उंचीचे असले, तरी अधिकाऱ्यापुढे जाताना ते हद्दीचे भांडण होऊन जाते. ‘कुंपण फार उंच आहे’ असे न म्हणता तो म्हणतो, ‘कुंपण माझ्या हद्दीत आहे.’ कधी ते खरे असते. बांध कोरण्याची विद्या आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही, आणि कुंपणही दरवर्षी वीतभर पुढे सरकू शकते. परंतु कुंपण आपल्या जागी सरळ उभे असेल, तर हद्दीचा दावा हरला जातो आणि सावलीचा दावा कोणी ऐकलेलाच नसतो. अपिलाच्या पायऱ्या चढताना पुष्कळांची जी निराशा होते तिचे मूळ येथे आहे. जे खाली मागितलेच नाही, ते वर मिळत नाही.

हद्दीचा प्रश्न कर्नाटकात १९६४ सालच्या जमीन महसूल कायद्याखाली येतो. दोन सर्व्हे नंबरांच्या सीमेबद्दल वाद निघाला, तर दप्तरातील कागदांवरून पूर्वी ठरलेली सीमा समजते का हे प्रथम पाहावयाचे, आणि ती समजत नसेल तर चौकशी करून निर्णय द्यावयाचा, असा त्याचा रोख आहे. मोजणीला तिकडे हद्दबस्त म्हणतात. महाराष्ट्रात तिलाच हद्दकायम मोजणी म्हणतात. टिपण आणि आकारबंद हे शब्द मात्र सीमेच्या दोन्ही अंगांना सारखेच चालतात. राज्ये १९५६ साली वेगळी झाली, पण दप्तराची भाषा पुरती वेगळी झालेली नाही.

आळंदच्या तहसीलदारांनी दिलेल्या निर्णयावर पहिले अपील कलबुर्गीच्या साहाय्यक आयुक्तांकडे जाते. त्यास साठ दिवसांची मुदत असते. दुसरे अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे, नव्वद दिवसांत. तक्रार तहसीलदारांच्या हुकुमाबद्दल नसून भूमापकाच्या मोजणीबद्दल असेल, तर वाट निराळी. ती भूमापन खात्यातल्याच वरिष्ठाकडे जाते. हा फरक न ओळखल्यामुळे अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतो आणि दिवस मात्र सरत जातात. निर्णयाची प्रमाणित नक्कल मिळण्यास जो वेळ लागतो तो मुदतीतून वगळतात. म्हणून नकलेचा अर्ज ज्या दिवशी केला त्या दिवसाची पोच जपून ठेवावी. उशिरास पुरेसे कारण दाखविले तर अधिकारी अपील दाखल करून घेऊ शकतात, परंतु ते कारण पुरेसे आहे की नाही, हे ठरविणे त्यांच्या हाती असते. त्या भरवशावर राहणे म्हणजे पावसाच्या भरवशावर कर्ज काढणे होय.

सीमाभागातील मराठी शेतकऱ्याची खरी अडचण साठ दिवसांची नाही, अक्षरांची आहे. निंबर्गा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते; त्या काळचा कागद उर्दूत निघू शकतो. आजचा हुकूम कन्नडमध्ये असतो. आणि ज्याच्या जमिनीबद्दल हे सारे लिहिले आहे, त्याच्या घरातील बोलणे मराठीत चालते. हुकूम हाती आल्यावर तो वाचावयास कोणा जाणत्याची गाठ पडेपर्यंत पंधरवडा निघून जातो. मग वकील. मग बाजाराचा दिवस. मग सुगी. या गृहस्थाला माझी एकच विनंती आहे. हुकूम समजला नाही तरी त्यावरची तारीख समजते. ती घरातल्या कॅलेंडरवर त्याच दिवशी लिहून ठेवावी आणि पुढले साठ दिवस त्या तारखेपासूनच मोजावेत.

अपील दाखल केले म्हणजे खालचा हुकूम आपोआप थांबला, ही समजूतही सोडून द्यावी. तहकुबी स्वतंत्र मागावी लागते. कुंपण तोडून हद्दीचे दगड रोवा, असा हुकूम झालेला असेल आणि तहकुबी नसेल, तर अपिलाची तारीख लागेपर्यंत वीस वर्षांची शेर जळणासाठी गेलेली असते. पुढे अपील जिंकले तरी ती शेर काही उभी राहत नाही.

सीमेपलीकडे शेत असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रातही खालच्या अधिकाऱ्यांच्या निर्णयावर अपिलाची मुदत साठ दिवसांचीच आहे. परंतु कुंपण वाढून बांधावरची वाट बुजली, आणि वाटेच्या हक्काचा निर्णय तहसीलदारांनी दिला, तर त्याविरुद्ध एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावण्याची मुभा १९६६ च्या जमीन महसूल संहितेने ठेवली आहे. असा दावा एकदा लावला, की त्या निर्णयावर महसुली अपील किंवा फेरतपासणी चालत नाही. दोन्ही दारे एकदम ठोठावता येत नाहीत. कोणते ठोठवावयाचे हे आधी ठरवावे.

राहिली सावली. तिच्यासाठी दिवाणी न्यायालय आहे, आणि तेथेही शेतकऱ्याची बाजू जरा लंगडीच आहे. प्रकाशाचा हक्क म्हणून कायदा जे ओळखतो ते मुख्यतः घराच्या खिडक्यादारांपुरते आहे. पिकाला खिडकी नसते. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या हद्दीत लोंबत असेल, तर तेवढी आपल्या बाजूस उभे राहून छाटता येते. हे तत्त्व इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मान्य केले आणि आपली न्यायालयेही सामान्यतः त्याच वाटेने गेली आहेत. मात्र बुंध्याला हात लावावयाचा नाही, आणि हद्द ओलांडून पलीकडे पाऊल टाकावयाचे नाही. कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे पुष्कळ झाडे तोडण्यास परवानगी लागते. सुबाभूळ, गिरिपुष्प यांसारखी काही झाडे तीतून वगळलेली आहेत. तेव्हा कुऱ्हाड उचलण्यापूर्वी बांधावर कोणते झाड आहे, तेही पाहून घ्यावे.

म्हणून मी पुन्हा त्या मे महिन्यातील पंचनाम्याकडे येतो. अपील ऐकणारा अधिकारी बहुधा बांधावर येत नाही. तो कागद पाहतो. कागदात पौषाची सावली यावयाची असेल, तर ती पहिल्याच अर्जात आली पाहिजे. कुंपण कोणत्या दिशेला आहे, किती फूट उंच आहे, कोणत्या महिन्यात सावली किती फूट आत येते, त्या पट्ट्यात पीक कसे येते, हे सारे मोजून लिहावे. पाहणी पिकाच्या दिवसांत व्हावी अशी लेखी मागणी करावी. उन्हाळ्यातच झाली, तर पंचनाम्यावर सही करताना ‘पाहणीच्या वेळी शेत मोकळे होते, हिवाळ्यातील सावलीबद्दल हरकत कायम’ अशी एक ओळ आपल्या हाताने लिहावी. मराठीत लिहिली तरी ती कागदावर राहते.

आणि तडजोड होत असेल, तर तीही अधिकाऱ्यासमोर लेखीच करावी. नुसते ‘कुंपण छाटीन’ असे लिहून भागत नाही. दरसाल दसऱ्यापूर्वी, छातीइतक्या उंचीवर, अमुक दगडापासून अमुक दगडापर्यंत, मजुरी कोणाची, आणि छाटलेला पाला कोणाच्या शेळ्यांना, इथपर्यंत सारे त्यात यावे. पाल्याचे कलम विसरू नये. पुष्कळ तडजोडी तेवढ्यावरूनच मोडतात.